सोनं खरं, नाणं खोटं: जुनी अमेरिकन सुवर्णनाणी कशी जमवायची, कशी पारखायची

जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्याबद्दल पहिली गोष्ट ही लक्षात ठेवायची, की सोनं खरं निघालं म्हणून नाणं खरं ठरत नाही. आपल्याकडे सोनं म्हटलं की सराफाकडे जायचं, कस लावायचा, काट्यावर ठेवायचं आणि विषय संपला. इथे विषय तिथे सुरू होतो. या नाण्यांच्या कितीतरी नकला पुऱ्या वजनाच्या आणि ९० टक्के शुद्ध सोन्यात पाडलेल्या आहेत. सराफ त्यांना बिनदिक्कत पास करील, आणि त्याच्या दृष्टीने त्याचं काही चुकलेलं नसेल.

याचं कारण १९३३ सालात आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ६१०२ काढला आणि नागरिकांना जवळचं सोनं जमा करायला लावलं. माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी आणि संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मीळ नाणी यांना सूट होती. पुढच्या वर्षी सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर झाला आणि जमा झालेली नाणी आटवून त्यांच्या विटा केल्या गेल्या. साधं सोनं बाळगण्याची मुभा अमेरिकन माणसाला परत मिळाली ती थेट ३१ डिसेंबर १९७४ रोजी. मधली चाळीस वर्षं, दागिने सोडले तर, जुनी नाणी हाच घरात सोनं ठेवण्याचा कायदेशीर मार्ग होता, त्यामुळे नाण्याला धातूपेक्षा बराच जास्त भाव येऊ लागला. लेबनॉन, इटली अशा ठिकाणच्या कारागिरांनी हा फरक हेरला. बाजारातून सोनं घ्यायचं, पुऱ्या वजनाचं नाणं पाडायचं आणि वरचा फरक खिशात घालायचा. सोन्यात खोट करण्याची त्यांना गरजच नव्हती. त्या नकला आजही विक्रीला येतात, वारशाच्या पेट्यांतून निघतात. म्हणून या लेखात माझा भर धातूपेक्षा ठशावर आहे.

नाण्यांचा गोतावळा

अमेरिकेच्या १७९२ च्या नाणे कायद्याने सोन्याची तीन नाणी ठरवली: १० डॉलरचं ईगल, ५ डॉलरचं हाफ ईगल आणि अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल. पहिली नाणी १७९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून बाहेर पडली. सुरुवातीची ही नाणी २२ कॅरेटची, म्हणजे आपल्या ओळखीच्या गिनीच्या कसाची. १८३४ मध्ये वजन आणि कस दोन्ही कमी केले गेले आणि १८३७ पासून सगळ्या सोन्याच्या नाण्यांचा कस ९०० वर पक्का झाला. म्हणजे २१.६ कॅरेट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे कोणी तपासणी केली तर ‘बावीसला कमी पडतंय’ असं ऐकायला मिळेल. ते नाण्याचं वैगुण्य नव्हे, त्याचा कायदाच तसा आहे.

कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर १८४९ च्या कायद्याने दोन टोकं जोडली गेली, १ डॉलरचं इवलंसं नाणं आणि २० डॉलरचं डबल ईगल. १८५४ ते १८८९ या काळात ३ डॉलरचंही एक नाणं निघत होतं. डबल ईगलची पहिली रचना जेम्स लॉंगेकर यांची, मुकुट घातलेल्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, मुखाची. १९०७ पर्यंत ती चालली. मग राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आग्रहाने शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी मशाल घेऊन पुढे येणारी लिबर्टी घडवली. अमेरिकेचं सर्वांत देखणं नाणं कुठलं असं विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता याचंच नाव घेईन. १९०८ मध्ये बेला लायन प्रॅट यांची अडीच आणि ५ डॉलरची ‘इंडियन हेड’, म्हणजे अमेरिकन आदिवासीच्या मुखाची, नाणी आली. त्यांच्यावर चित्र वर उठलेलं नसून आत खोदल्यासारखं आहे.

टांकसाळीचं चिन्ह म्हणजे नाण्यावरचं एखादं बारीक अक्षर. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर अक्षर नसतं. शार्लटचं ‘सी’ आणि डॅलोनेगाचं ‘डी’ ही दक्षिणेतली चिन्हं १८३८ ते १८६१ पुरतीच. न्यू ऑर्लिन्सचं ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोचं ‘एस’ १८५४ पासून, नेवाडातल्या कार्सन सिटीचं ‘सीसी’ १८७० ते १८९३. डेन्व्हरचं ‘डी’ १९०६ पासून. डॅलोनेगा १८६१ मध्येच बंद पडल्यामुळे दोन ‘डी’ कधी एकमेकांत मिसळत नाहीत. साल बघितलं की टांकसाळ कळते.

दुर्मीळ म्हणजे काय

जुनं म्हणजे दुर्मीळ, हा समज आधी सोडावा लागतो. १९०४ सालची फिलाडेल्फियाची डबल ईगल साठ लाखांवर पाडली गेली. परदेशी व्यवहार चुकते करताना ही नाणी युरोपच्या बँकांत गेली, तिथे पोत्यांत पडून राहिली आणि वितळण्यातून वाचली. आज ती सहज मिळतात. १९२४ आणि १९२७ च्या सेंट-गॉडन्स नाण्यांचीही गोष्ट तीच. पण त्याच १९२७ सालच्या नाण्यावर डेन्व्हरचं ‘डी’ असेल तर ते अमेरिकन नाण्यांतल्या सर्वांत दुर्मीळ नाण्यांपैकी एक आहे. ती १,८०,००० पाडली गेली, आणि जवळपास सगळी सरकारी तिजोरीतूनच भट्टीत गेली. तेव्हा किती पाडली या आकड्यापेक्षा किती वाचली हे महत्त्वाचं.

काही नाणी मुळातच कमी निघाली. १८५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ५ डॉलरची फक्त २६८ नाणी पाडली गेली, त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी शिल्लक आहेत. १८७० ची कार्सन सिटीची डबल ईगल ३,७८९ होती आणि ती पश्चिमेकडच्या खाणगावांत वापरून झिजली. १८७० चं सॅन फ्रान्सिस्कोचं ३ डॉलरचं नाणं तर दीर्घकाळ जगात एकच ठाऊक होतं.

१९३३ ची डबल ईगल हे वेगळंच प्रकरण. ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण ती कायदेशीररीत्या कधी बाहेर दिलीच गेली नाहीत. जी चोरवाटेने बाहेर पडली त्यांतलं एकच नाणं, एकेकाळी इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे असलेलं, खासगी मालकीसाठी मंजूर झालं. २०२१ च्या लिलावात ते सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. म्हणून कोणी तुम्हाला १९३३ ची डबल ईगल देऊ केली तर तिथून उठा. ती बहुतेक नक्कल असेल आणि नसली तरी सरकारची मालमत्ता असेल. १९३३ चं १० डॉलरचं नाणं मात्र बाळगायला हरकत नाही, कारण त्यांतली थोडी रीतसर बाहेर आली होती.

आधी काय जमवायचं ते ठरवा

नव्या माणसाने थेट दुर्मीळ नाण्यापासून सुरुवात करू नये. पहिलं नाणं घ्यावं ते सर्वसामान्य सालाचं, नामांकित संस्थेने प्रमाणित केलेलं. १९०४ ची डबल ईगल किंवा १९२० च्या दशकातलं अडीच डॉलरचं इंडियन हेड उत्तम. त्यात धातूवर जास्त पैसे द्यावे लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे खरं नाणं दिवसेंदिवस बघायला मिळतं. पारख पुस्तकातून येत नाही. डोळ्यांना खऱ्याची सवय झाली की खोटं आपोआप खटकायला लागतं, आणि ही सवय लावण्यासाठी घातलेले पैसे वाया जात नाहीत.

मग दिशा ठरवावी. प्रत्येक प्रकारचं एकेक नाणं जमवणं हा सर्वांत समाधान देणारा मार्ग आहे, असं माझं मत आहे. डबल ईगलचेच बघा: १८६६ पर्यंतचं ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे बोधवाक्य नसलेलं, १८६६ ते १८७६ चं ‘ट्वेंटी डी.’ लिहिलेलं, १८७७ ते १९०७ चं ‘ट्वेंटी डॉलर्स’ पूर्ण लिहिलेलं आणि पुढे सेंट-गॉडन्स. चार नाण्यांत पाऊणशे वर्षांचा इतिहास हातात येतो. कोणी एकाच टांकसाळीमागे लागतात. कार्सन सिटीच्या वेड्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे तिथले भावही तसेच. डॅलोनेगा आणि शार्लटची नाणी घाईने, ओबडधोबड पाडलेली असतात. स्थानिक सोन्यातल्या चांदीमुळे डॅलोनेगाच्या काही नाण्यांवर हिरवट झाक दिसते. ज्याला गुळगुळीत चकचकीत नाणं हवं त्याने त्या वाटेला जाऊ नये.

हाताशी काय हवं

सातपट ते दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, आणि छोट्या नाण्यांसाठी शक्य तर ०.००१ ग्रॅमचा. प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर, कारण धातूचा नाण्यावर ओरखडा काढू शकतो. एकच दिवा, मऊ पसरट नव्हे, थेट उजेड देणारा. खाली मखमलीचा किंवा जाड सुती तुकडा, म्हणजे हातून सुटलं तरी मऊ जागी पडेल. नाणं नेहमी दोन बोटांत काठावर धरायचं. चेहऱ्याला बोट लागलं की तेलकट ठसा राहतो आणि १० टक्के तांब्यामुळे पुढे तिथे डाग पडू शकतो.

काटा आणि पाणी

१८४० नंतरच्या नाण्यांची मापं अशी आहेत:

२० डॉलर: ३३.४३६ ग्रॅम, व्यास ३४ मिमी, शुद्ध सोनं ३०.०९ ग्रॅम
१० डॉलर: १६.७१८ ग्रॅम, २७ मिमी, शुद्ध सोनं १५.०५ ग्रॅम
५ डॉलर: ८.३५९ ग्रॅम, २१.६ मिमी, शुद्ध सोनं ७.५२ ग्रॅम
३ डॉलर: ५.०१५ ग्रॅम, २०.५ मिमी
अडीच डॉलर: ४.१८ ग्रॅम, १८ मिमी, शुद्ध सोनं ३.७६ ग्रॅम
१ डॉलर: १.६७२ ग्रॅम, आधी १३ मिमी, १८५४ पासून १५ मिमी

टांकसाळीला सूट फार थोडी होती. १८७३ च्या कायद्यानुसार २० आणि १० डॉलरच्या नाण्यात अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ०.०३ ग्रॅम, आणि त्याहून लहान नाण्यांत पाव ग्रेन. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणं स्वाभाविक आहे. पण न वापरलेल्यासारखं दिसणारं डबल ईगल ३३.१ ग्रॅम भरलं तर पुढे बघायचीही गरज नाही. जास्त भरलं तर संशय आणखी पक्का, कारण झिजेने वजन कधी वाढत नाही.

यानंतर विशिष्ट गुरुत्व. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पेल्याच्या तळाला वा कडेला न टेकवता पूर्ण बुडवा. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. उत्तर १७.२ च्या आसपास यायला हवं. डबल ईगलसाठी पाण्याचा आकडा साधारण १.९४ ग्रॅम येतो. ५ डॉलरच्या नाण्यात तो अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतो, तिथे ०.०१ ग्रॅमची चूकही उत्तर बरंच हलवते, म्हणून छोट्या नाण्याला बारीक काटा लागतो. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलकेच झटकून टाका. वाळवताना पुसू नका, मऊ कापडावर टिपून घ्या.

पितळेवर मुलामा दिलेली नाणी इथेच गळतात. टंगस्टनची घनता सोन्याच्या जवळ, १९.२५ आहे, म्हणून पोटात टंगस्टन घातलेली नाणी या परीक्षेत चकवू शकतात. एकोणिसाव्या शतकात खरी डबल ईगल कापून, आतलं सोनं काढून प्लॅटिनम भरण्याचे उद्योगही झाले, कारण तेव्हा प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त होतं. सराफ पेढीतलं क्ष-किरणांचं यंत्र फक्त वरचा थर वाचतं, हेही ध्यानात असू द्या. चुंबकाची परीक्षा लोखंडापुरती. वाजवून नाद ऐकणं मला पटत नाही: पडून काठ ठेचला तर खऱ्या नाण्याचंच नुकसान.

ठसा वाचायला शिका

आता खरं काम. टांकसाळीत कडक पोलादी ठशांच्या मध्ये सोन्याची चकती प्रचंड दाबाखाली सापडते. धातू बाहेरच्या दिशेने वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म किरणांसारख्या रेषा उमटतात. दिव्याखाली नाणं कलतं करून फिरवलं की या रेषांमुळे प्रकाशाचा पट्टा चक्रासारखा फिरतो. हे तेज फक्त पाडलेल्या नाण्यावर असतं. ओतलेल्या नाण्यावर ते येत नाही. त्याचा पृष्ठभाग भिंगातून दाणेदार किंवा सुजल्यासारखा दिसतो, बारीक खड्डे असतात, आणि कधी काठावर दोन अर्धे जोडल्याची रेषाही सापडते. ओतलेली नकल ओळखणं त्यामुळे सोपं आहे.

अवघड असते ती खऱ्या नाण्यावरून बनवलेल्या ठशाने पाडलेली नकल. ती नाण्यासारखीच पाडलेली असते, तिलाही तेज असतं. इथे चार गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे खाचा. खरं नाणं पोत्यात दुसऱ्या नाण्यावर आदळलं की धारदार, चमकदार कडांची खाच पडते आणि त्या जागचं मूळ तेज तुटतं. नकलेवर मात्र मूळ नाण्याची खाच ठशात उतरून आलेली असते. ती गोलसर, बोथट दिसते आणि खाचेच्या तळाशीही तेज अखंड असतं. एकदा हा फरक दिसला की पुन्हा विसरत नाही. त्याच ठशातून पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती खाच नेमक्या त्याच जागी असते, म्हणून जाणकार अशा खाचांचे फोटो जपून ठेवतात आणि संशयास्पद नाणं त्यांच्याशी ताडून बघतात.

दुसरी, उठावदार खुणा. ठसा दुरुस्त करताना नकल करणारा तो कोरतो किंवा घासतो. ठशावरचा ओरखडा नाण्यावर वर उठलेली रेष होऊन येतो. अशा उठलेल्या रेघा, ताऱ्यांजवळ किंवा काठाच्या दातऱ्यांतून निघणारे छोटे काटे, मैदानात, म्हणजे चित्र-अक्षरांभोवतीच्या सपाट जागेत, विनाकारण आलेले फोड, हे सगळं भिंगाखाली शोधायचं. खऱ्या ठशांनाही तडे जात आणि त्यांच्या रेघा उठून दिसत, पण त्या बहुधा अक्षरांतून किंवा ताऱ्यांतून लांब, वाकडी वाट काढत काठापर्यंत जातात.

तिसरी, अक्षरं. खऱ्या नाण्यावर अक्षराची भिंत सरळ उभी असते आणि मैदानाला स्पष्ट कोपऱ्यात मिळते. नकलेवर अक्षरं जाड, लोणी लागल्यासारखी गोल होतात. ‘लिबर्टी’ शब्द आणि सालाचे आकडे या दोन जागा आधी तपासा.

चौथी, जुळणी. नकल करणारे पुष्कळदा एका सालाची पुढची बाजू आणि दुसऱ्या काळाची मागची बाजू एकत्र करतात. १८५० च्या दशकातल्या डबल ईगलवर ‘इन गॉड वी ट्रस्ट’ दिसलं तर ते नाणं अशक्य आहे, कारण ते वाक्य १८६६ पासून आलं. मात्र १८६६ ची सॅन फ्रान्सिस्कोची काही नाणी बोधवाक्याशिवायची खरी आहेत, ती घाईने बाद करू नका. सेंट-गॉडन्सच्या डबल ईगलच्या काठावर ‘ई प्लुरिबस युनम’ आणि तारे आहेत, आणि १९०७ नंतरच्या १० डॉलरच्या नाण्याच्या काठावर फक्त तारे: १९११ पर्यंत ४६, १९१२ पासून ४८, कारण संघराज्यात दोन राज्यं वाढली. काठ बघायचा आळस करू नका. नकल करणाऱ्याने सर्वांत कमी मेहनत तिथेच घेतलेली असते.

मागची बाजू बघायला नाणं खालून वर उलटा. अमेरिकन नाण्यात दोन बाजू एकमेकींच्या उलट उभ्या असतात, त्यामुळे असं उलटल्यावर गरुड सरळ दिसला पाहिजे.

काही ठरावीक सापळे

१९११ चं डेन्व्हरचं अडीच डॉलरचं नाणं सगळ्यांत जास्त फसवतं. ५५,६८० एवढीच पाडलेली असल्यामुळे त्याचा भाव चढा, आणि त्याच सालचं फिलाडेल्फियाचं नाणं स्वस्त. मग खऱ्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर बारीक ‘डी’ चिकटवायचं. वजन बरोबर, सोनं बरोबर, ठसाही खरा. फक्त एक अक्षर खोटं. मागच्या बाजूला बाणांच्या टोकांजवळ हे चिन्ह असतं. भिंगाखाली अक्षराभोवती जोडाची रेषा, रंगात फरक किंवा आजूबाजूला घासल्याची जागा दिसते का ते बघा. अशीच काळजी १९०९ च्या न्यू ऑर्लिन्सच्या ५ डॉलरच्या नाण्याची. आणि प्रमाणपत्राविना यांतलं कुठलंही नाणं घेऊ नका, कितीही ओळखीच्या माणसाकडून आलं तरी.

१९०७ ची उठावदार सेंट-गॉडन्स, जिच्यावर साल रोमन आकड्यांत आहे, तिची एक कुप्रसिद्ध नकल आहे. बनवणाऱ्याने गरुडाच्या पंज्यात ग्रीक अक्षर ओमेगा इतक्या बारीक आकारात कोरलं की साध्या डोळ्याला दिसत नाही. त्याची कारागिरी इतकी सरस होती की तज्ज्ञही आधी फसले. म्हणून अशा नाण्याचा पंजा भिंगाखाली बघणं हा नेमच करा.

१८४८ च्या अडीच डॉलरवर गरुडाच्या वर ‘कॅल.’ अशी खूण असलेली १,३८९ नाणी निघाली. कॅलिफोर्नियातून आलेल्या पहिल्या सोन्याची ती आठवण. ही खूण नाणं ठशात असतानाच मारली होती, म्हणून खऱ्या नाण्यावर तिच्या नेमक्या पाठीमागे, लिबर्टीच्या बाजूला, चपटेपणा येत नाही. नंतर कोणी खूण मारली असेल तर पाठ दबलेली दिसते.

१८३४ पूर्वीच्या काही नाण्यांवर समांतर ओरखडे दिसतात. जास्त वजनाची चकती पाडण्याआधी कानशीने घासून बरोबर केल्याच्या त्या खुणा आहेत. त्यांना नुकसान समजू नये, नाणं टांकसाळीतच तसं जन्मलं.

खरं, पण बिघडवलेलं

अमेरिकेत ही नाणी ब्रेसलेटला, पेंडंटला, बाहीच्या बटणांना वापरली गेली, विशेषतः १ डॉलर आणि अडीच डॉलरची. काठावर कडी किंवा टाका काढल्याची जागा, गुळगुळीत झालेले कंगोरे, कडेलगत सोन्याचा वेगळा रंग या खुणा शोधा. आपल्याकडे नाण्याला कडी लावून गळ्यात घालण्याची पद्धत इतकी जुनी आहे की पुतळ्यांची माळ कोणाला नवी नाही. पण या नाण्याला टाका लागला की संग्राहकाच्या लेखी त्याचं बरंचसं मोल धातूपुरतं उरतं.

साफ केलेलं नाणं ओळखायला दिव्याखाली फिरवा. एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा, मैदान चकचकीत पण अक्षरांच्या कोपऱ्यात जुनी मळकट छटा, तेज फिरतच नाही, अशी लक्षणं दिसली की समजा. सोन्यावर येणारी तांबूस-नारिंगी छटा आणि बारीक तांब्याचे ठिपके नैसर्गिक असतात. त्यांना घासू नका.

झीज आणि कमी दाबाचा ठसा यांत नवे लोक गोंधळतात. झीज उंच जागी आधी दिसते: लिबर्टीच्या डोळ्यावरचे केस, सेंट-गॉडन्सच्या लिबर्टीचा गुडघा आणि छाती, इंडियन हेडची गालाची जागा. त्या जागी तेज तुटून करडी सपाटी दिसली तर झीज. तेज शाबूत आणि तपशील फक्त पुसट असेल तर ठसा कमजोर पडला होता.

प्रमाणपत्र आणि त्याचीही पडताळणी

१९७२ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने नाणी तपासून देण्याची सेवा सुरू केली. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या संस्था नाणं सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, ज्याला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात, दर्जा लिहून द्यायला लागल्या. दर्जा १ ते ७० या मापात, ६० पासून पुढे न वापरलेलं नाणं. साफ केलेल्या वा दुरुस्त केलेल्या खऱ्या नाण्याला आकडा न देता दोष लिहून देतात. अशी नाणी स्वस्त मिळतात, आणि दुर्मीळ सालाचं नाणं त्याच मार्गाने परवडू शकतं. काही स्लॅबवर सीएसी या संस्थेचं हिरवं चिकटपत्र दिसतं. त्याचा अर्थ नाणं दिलेल्या दर्जात भक्कम बसतं.

पण आता डब्याही नकली निघतात. म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तेवढ्यावर थांबू नका, कारण नकली डबीवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असू शकतो. तिथे नाण्याचा फोटो असेल तर एकेक खाच, एकेक ठिपका समोरच्या नाण्याशी ताडून बघा. सोन्यावर कुठल्याही दोन नाण्यांच्या खाचा सारख्या नसतात. डबीच्या कडा, अक्षरांची छपाई, होलोग्रामची धार हेही बघा.

किंमत ठरवताना विक्रेत्याचा शब्द नको. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या लिलावघरांचे जुने निकाल खुले आहेत. त्याच सालचं, त्याच टांकसाळीचं, त्याच दर्जाचं नाणं गेल्या दोन-तीन वर्षांत कितीला गेलं ते बघा. लिलावाच्या बोलीवर खरेदीदाराचं शुल्क वेगळं लागतं, ते धरूनच बोली लावा. बाजारभावाच्या खाली कोणी दुर्मीळ नाणं देत नाही, आणि दिलं तर का देतोय हे आधी विचारा. ‘कॉपी’ हा शब्द नकलेवर कोरण्याची सक्ती अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने आहे. परदेशात बनलेल्या नकला ती पाळत नाहीत.

घरी आणि सीमेवर

साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी असतं, ते सुटून नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. कडक, पीव्हीसी नसलेल्या डब्या घ्या. अमेरिकेत राहणाऱ्यांनी घराच्या विम्यातली नाण्यांची मर्यादा तपासावी. ती बहुधा फार कमी असते, वेगळी तरतूद करावी लागते. विकताना तिथे सोन्याच्या नाण्यांना संग्राह्य वस्तूंचा कर लागतो आणि दीर्घकालीन नफ्यावर तो २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून खरेदीच्या पावत्या जपा.

भारतात आणायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. दागिन्यांची जी सूट परतणाऱ्या प्रवाशाला मिळते ती नाण्यांना लागू नाही. नाणी जाहीर करावी लागतात आणि शुल्क भरावं लागतं. दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. म्हणजे १९०४ चं डबल ईगल एकदा मुंबईत आलं की ते तपासणीसाठी पुन्हा अमेरिकेला पाठवणं सोपं राहत नाही. तपासून, डबीत बंद होऊनच ते यावं.

आणि घरातल्या जुन्या डब्यात आजोबांनी परदेशातून आणलेलं असं एखादं नाणं सापडलं, तर सराफाला ते कसोटीवर घासू देऊ नका. तिथला एक ओरखडा पुसता येत नाही. वजन आणि व्यास घ्या, दोन्ही बाजू आणि काठ यांचे एकाच दिव्याखाली स्पष्ट फोटो काढा, साल आणि टांकसाळीचं अक्षर लिहून ठेवा, आणि ते फोटो नाण्यांचाच व्यवहार करणाऱ्या जाणकाराला दाखवा. तोवर नाणं धुऊ नका, पुसू नका.